ध्येयवाक्य पाटीवर, अभ्यासक्रम वर्गात: बी.एड. कॉलेजांना वारंवार पडणारे प्रश्न

बी.एड. कॉलेजात नॅकची (कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या राष्ट्रीय परिषदेची) तयारी सुरू झाली की कुणीतरी हमखास विचारतं, "आपलं मिशन नेमकं काय आहे हो?" मग एकजण प्रवेशद्वाराशी जाऊन पाटी वाचून येतो. खालचे प्रश्न असेच गोळा झाले आहेत: सहकारी प्राध्यापकांचे, आयक्यूएसी (अंतर्गत गुणवत्ता हमी कक्ष) समन्वयकांचे, नव्याने रुजू झालेल्या प्राचार्यांचे. उत्तरं देताना विद्यापीठाशी संलग्न असलेलं, दोन वर्षांचं बी.एड. चालवणारं महाराष्ट्रातलं कॉलेज डोळ्यांसमोर आहे. डी.एल.एड.वाल्यांनी (प्राथमिक शिक्षकांची पदविका) आणि स्वायत्त कॉलेजांनी आपापला फरक धरून वाचावं.

अभ्यासक्रम तर विद्यापीठाचं अभ्यास मंडळ ठरवतं. आमच्या हातात असं काय आहे, की आम्ही तो ध्येयाशी जुळवावा?

हा प्रश्न सगळ्यात जास्त वेळा येतो आणि बहुतेकदा चर्चा संपवण्यासाठीच येतो. पेपरांची नावं, घटक, गुणांची विभागणी आपल्या हातात नाही हे खरंच आहे. विद्यापीठालाही मोकळं रान नसतं. एनसीटीईच्या (राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषद) २०१४ च्या नियमांनी चौकट आखून दिली आणि २०१५-१६ पासून बी.एड. दोन वर्षांचं झालं. वर्षाला किमान २०० कामाचे दिवस, आठवड्याला किमान ३६ तास, आणि दोन वर्षांत मिळून किमान २० आठवडे शाळेत: पहिल्या वर्षी ४, दुसऱ्या वर्षी १६.

आता हेच आकडे उलट बाजूने वाचा. दुसऱ्या वर्षीचे ते १६ आठवडे कोणत्या शाळेत जायचं, वर्षाच्या कोणत्या महिन्यांत जायचं, कोणत्या शिक्षकाच्या हाताखाली राहायचं आणि परत येताना काय लिहून आणायचं, यातलं बहुतेक सगळं कॉलेज ठरवतं. आठवड्यातल्या ३६ तासांतही व्याख्यानांनी भरलेले तास मोजून बघा. उरलेल्यांत परिपाठ आहे, प्रात्यक्षिकं आहेत, नाट्य-कला आणि 'स्व'ची ओळख असे उपक्रम आहेत, ग्रंथालयाचा तास आहे. प्रात्यक्षिकाचा विषय आपण देतो. पाठाचं निरीक्षण आपण करतो. अंतर्गत गुण आपण देतो. एकदा मी एका कॉलेजचं वेळापत्रक घेऊन बसले आणि जिथे जिथे कॉलेजचा निर्णय चालतो ते चौकोन हिरव्या पेनाने रंगवत गेले. शेवटी पान बऱ्यापैकी हिरवं झालं होतं. तिथले प्राध्यापक म्हणाले, "हे आम्ही कधी असं पाहिलंच नव्हतं."

विद्यापीठ सांगाडा देतं. त्यावर मांस कसलं चढवायचं ते आपण ठरवतो.

दृष्टी, ध्येय, उद्दिष्टं, निष्पत्ती: चार शब्द, पण फरक काय?

दृष्टी म्हणजे आपल्याला पुढे कसा समाज, कशी शाळा पाहायची आहे ते. ध्येय म्हणजे त्यासाठी हे कॉलेज कुणासाठी आणि काय करणार ते. उद्दिष्टं म्हणजे ध्येयाचे तुकडे, पुढच्या काही वर्षांत करून दाखवता येतील असे. निष्पत्ती म्हणजे कोर्स संपल्यावर छात्राध्यापकाला, म्हणजे बी.एड.च्या विद्यार्थ्याला, प्रत्यक्ष काय करता येतं ते.

पहिल्या तिघांत कर्ता कॉलेज असतं, चौथ्यात विद्यार्थी. "महाविद्यालय सर्वसमावेशक दृष्टिकोन रुजवील" ही निष्पत्ती होत नाही. "वर्गातल्या कमी ऐकू येणाऱ्या मुलासाठी छात्राध्यापक आपल्या पाठात दोन बदल सुचवतो आणि करून दाखवतो" ही होते. एवढं पाळलं तरी निम्मा गोंधळ मिटतो.

आमचं ध्येयवाक्य फार जुनं आणि फार मोठं आहे. बदलायचं का?

जुनं आहे म्हणून बदलू नका. जुन्या संस्थांची वाक्यं मोठी वाटतात, पण त्यांच्यामागे त्या काळचा अगदी रोकडा निर्णय असायचा. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये काले इथे रयत शिक्षण संस्था काढली. 'स्वावलंबी शिक्षण हेच आमचे ब्रीद' हे पाटीपुरतं राहिलं नाही. वसतिगृहात सगळ्या जातींची मुलं एकत्र राहिली, 'कमवा आणि शिका' आलं, आणि गावोगाव शाळा काढायच्या तर शिक्षक लागणार म्हणून १९३५ मध्ये साताऱ्यात शिक्षकांचं ट्रेनिंग कॉलेजही उभं राहिलं. ब्रीद आधी, मग त्याला लागणारा शिक्षक, मग त्या शिक्षकाचं शिक्षण. आपण आज अगदी उलट चालतो: कोर्सला मान्यता आधी, ध्येय नंतर कुणाकडून तरी लिहून घ्यायचं.

कोल्हापूर जिल्ह्यातल्या गारगोटीचं मौनी विद्यापीठ आठवा. जे. पी. नाईकांनी ते ग्रामीण भागासाठी उभं केलं. पुढे कोठारी शिक्षण आयोगाचे सदस्य-सचिव झालेला हा माणूस आधी भुदरगड तालुक्यात काम करत होता. ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं आणि १९५७ मध्ये ते कोसबाडला नेलं. मुलं शाळेत येत नाहीत म्हणून शाळा अंगणात गेली आणि गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणातही गेली. कुरणशाळेत शिकवणाऱ्याला जे यायला हवं ते नेहमीच्या ट्रेनिंगात येत नाही. ध्येय बदललं की शिक्षकाच्या शिक्षणाचा आशय बदलतो, याचं याहून सोपं उदाहरण मला माहीत नाही.

तेव्हा वाक्य राहू द्या. त्याखाली आजच्या भाषेत चार-पाच उद्दिष्टं लिहा. संस्थेच्या वीस शाखा असतील आणि ध्येय सगळ्यांचं एकच असेल, तर हे अधिकच गरजेचं. त्याच संस्थेच्या फार्मसी कॉलेजलाही तंतोतंत लागू पडणारं वाक्य बी.एड.च्या प्राध्यापकाला सोमवारी सकाळी काय करायचं ते सांगू शकत नाही.

सुरुवात कुठून करायची?

ध्येयवाक्यातल्या नामांना प्रश्न विचारण्यापासून. राज्यातल्या बऱ्याच कॉलेजांच्या पाटीवर साधारण असं वाक्य सापडेल: "ग्रामीण व वंचित घटकांच्या शिक्षणासाठी संवेदनशील व कुशल शिक्षक घडविणे." यातला 'वंचित' शब्द घ्या आणि प्राध्यापकांच्या बैठकीत विचारा, आपल्या कॉलेजपासून तीस किलोमीटरच्या आत वंचित म्हणजे कोण?

बीड जिल्ह्यातलं कॉलेज असेल तर उत्तर लगेच येतं: ऊसतोड कामगारांची मुलं. दिवाळीच्या मागेपुढे आईबाप टोळीबरोबर कारखान्यांकडे जातात, उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. काही मुलं हंगामी वसतिगृहात राहतात, काही आजीपाशी, बाकीची फडावर जातात. नंदुरबार किंवा पालघरला हाच शब्द आश्रमशाळेकडे जातो. तिथे मुलाच्या घरी भिली, पावरी किंवा वारली बोलतात आणि पुस्तक प्रमाण मराठीत असतं. मुंबईच्या उपनगरात वंचित म्हणजे एका खोलीत सात जण राहणाऱ्या घरातलं मूल: घरात भोजपुरी किंवा उर्दू, गल्लीत हिंदी, शाळेत इंग्रजी. एकाच शब्दाखाली तीन वेगळे अभ्यासक्रम दडलेले आहेत आणि तिन्ही कॉलेजं विद्यापीठाचा पेपर मात्र जवळजवळ सारखाच शिकवतात.

बीडचं उदाहरण पुढे नेऊ. तिथल्या छात्राध्यापकाला काय यायला हवं? हजेरीपट बघून कोणतं मूल कधीपासून येत नाही आणि का, हे शोधता यायला हवं. चार महिन्यांनी परतलेल्या मुलासाठी गणितातला किंवा भाषेतला हुकलेला भाग कोणता आणि त्यातला आधी कोणता भरून काढायचा, हे ठरवता यायला हवं. टोळीच्या मुकादमाशी, आजीशी, वसतिगृहाच्या अधीक्षकाशी बोलता यायला हवं. झाली तीन निष्पत्ती. आता पेपर शोधा. पहिली बालविकासाच्या पेपरातल्या प्रात्यक्षिकात बसते, कारण तिथे एका मुलाचा व्यक्तिअभ्यास करायचाच असतो. दुसरी मूल्यमापनाच्या पेपरात आणि मेथडमध्ये (विषय शिकवण्याच्या पद्धतीचा पेपर): नैदानिक चाचणी (मुलाला नेमकं काय येत नाही ते शोधणारी) आणि उपचारात्मक अध्यापन सगळ्यांनाच असतं, चाचणीसाठी मूल मात्र 'कोणतंही एक' निवडलं जातं. ते मूल परतलेलं असावं, एवढंच ठरवायचं. तिसरी आंतरवासितेत, म्हणजे शाळेतल्या त्या आठवड्यांत.

विद्यापीठाचा एक शब्दही न बदलता हे झालं.

मॅपिंगचा तक्ता कसा भरायचा? १, २, ३ आकडे कोणत्या आधारावर द्यायचे?

कोणता पेपर कोणती निष्पत्ती किती साधतो हे दाखवायला उभ्या रकान्यात कार्यक्रमाच्या निष्पत्ती, आडव्या ओळीत पेपर, आणि चौकटीत १ म्हणजे थोडा संबंध, २ म्हणजे मध्यम, ३ म्हणजे घट्ट, अशी रूढ पद्धत आहे. तिचं दुखणं असं की सगळीकडे ३ भरायला काहीच लागत नाही. मी पाहिलेल्या तक्त्यांत मोकळी चौकट सापडणं दुर्मीळ. प्रत्येक पेपर प्रत्येक ध्येय घट्ट पूर्ण करतो म्हणजे तक्ता काहीच सांगत नाही.

एक साधा नियम करा: ३ लिहायचे असतील तर शेजारी पुरावा लिहायचा. कोणता घटक, कोणतं प्रात्यक्षिक, कोणत्या प्रश्नाला किती गुण. पुरावा नसेल तर आकडा उतरवा. अशा बैठकीत सुरुवातीला बोलाचाली होते, मग एकेक चौकट मोकळी होत जाते, आणि त्या मोकळ्या चौकटींतच खरं काम दिसतं. एखादं ध्येय सगळ्या पेपरांत मोकळं पडलं तर दोनच वाटा: त्यासाठी एखादा मूल्यवर्धित (विद्यापीठाच्या पेपरांबाहेरचा) कोर्स काढा, नाहीतर ते ध्येय पाटीवरून उतरवा. दुसरी वाट आजवर कुणी घेतलेली मी पाहिली नाही.

तक्ता एकट्या समन्वयकाने रात्री बसून भरू नये, हे वेगळं सांगायला नको. तरी सांगते, कारण होतं तेच.

आंतरवासितेसाठी शाळा निवडताना ध्येय कुठे येतं?

इथे सगळ्यात जास्त येतं आणि इथेच ते सगळ्यात आधी सुटतं.

हिशोब बघा. एका युनिटमध्ये ५० छात्राध्यापक. एका शाळेत चार-पाच जण म्हटले तरी दहा-बारा शाळा लागतात. शाळा मिळवणं ही प्राचार्यांची दरवर्षीची डोकेदुखी असते: मुख्याध्यापक नाखूश, दहावीच्या वर्गाला कुणी हात लावू देत नाही, मुलींना लांब पाठवायला घरचे तयार नसतात. त्यामुळे एसटी स्टँडपासून चालत जाता येईल अशा, बहुधा आपल्याच संस्थेच्या शाळा निवडल्या जातात. सोय म्हणून हे समजण्यासारखं आहे. पण पाटीवर 'ग्रामीण व वंचित' आणि यादीत शहरातल्या पाच मोठ्या अनुदानित शाळा, तर विद्यार्थ्यांना खरं ध्येय कळतंच. तो छुपा अभ्यासक्रम आहे आणि तो छापील अभ्यासक्रमापेक्षा जास्त लक्षात राहतो.

सगळ्या शाळा बदलता येणार नाहीत. बारातल्या तीन बदला: एक आश्रमशाळा, एक नगरपालिकेची, एक गावातली आठवी ते दहावीची. प्रत्येक छात्राध्यापक दोन वर्षांत कधीतरी त्या तिघींपैकी एकीत जाईल अशी फेरी लावा. पहिल्या वर्षाचे ४ आठवडे यासाठी चांगले, कारण तेव्हा पाठांपेक्षा निरीक्षण जास्त असतं आणि मार्कांची धाकधूक कमी.

आणि महिना. याचा विचार क्वचितच होतो. बीडच्या कॉलेजने १६ आठवडे जुलै ते ऑक्टोबर ठेवले तर छात्राध्यापकांना भरलेले वर्ग दिसतील आणि ते दिवाळीला परत येतील. ज्या मुलांसाठी कॉलेजचं ध्येय लिहिलं आहे ती मुलं त्यानंतर गावातून जातात. वेळापत्रकाचे निदान शेवटचे काही आठवडे नोव्हेंबर-डिसेंबरात सरकले तर रिकामे बाक डोळ्यांना दिसतात. विद्यापीठाच्या परीक्षेचं गणित सांभाळून हे करावं लागतं, पूर्ण जमत नाही. थोडं जमतं.

हजेरीची अटही मदतीला येते. एनसीटीईच्या नियमात वर्गातल्या कामाला ८० टक्के आणि आंतरवासितेला ९० टक्के उपस्थिती लागते. नियम करणाऱ्यांनाही शाळेतला वेळ अधिक मोलाचा वाटला, असा याचा अर्थ मी घेते.

पाठ निरीक्षणाचा आणि ध्येयाचा काय संबंध? निरीक्षण तर ठरलेल्या नमुन्यातच करायचं असतं.

तो नमुनाच काढून समोर ठेवा. सज्जता प्रवर्तन, हेतुकथन, स्पष्टीकरण, प्रश्न कौशल्य, प्रबलन, चेतक बदल, फलक लेखन, शैक्षणिक साधनाचा वापर, वेळेचं नियोजन. प्रत्येकापुढे पाच चौकोन. खाली दोन ओळी 'सर्वसाधारण शेरा'. तिथे आपण काय लिहितो? "आवाज चांगला. फळ्याचा उजवा भाग रिकामा राहिला. प्रश्नांची संख्या वाढवावी."

वाईट काही नाही यात. सूक्ष्म अध्यापनातून (एकेक कौशल्य छोट्या पाठात घोटून घेण्याची पद्धत) आलेली ही कौशल्यं लागतातच. पण छात्राध्यापक दोन वर्षांत सगळ्यात जास्त काय वाचतो, तर हे शेरे. पुस्तक परीक्षेआधी वाचतो, शेरा दर पाठानंतर. त्या शेऱ्यात जे असेल तेच त्याच्या लेखी शिक्षकपण. पाटीवर 'सर्वसमावेशक' आणि शेऱ्यात फक्त फळा, तर त्याने फळ्यावर विश्वास ठेवला म्हणून त्याला दोष देता येणार नाही.

एकदा मी इयत्ता आठवीच्या विज्ञानाच्या पाठाला मागे बसले होते. पाठ छान झाला. प्रश्न भरपूर, उत्तरं पटापट. कंटाळा आला म्हणून म्हणा, मी वहीच्या मागच्या पानावर बाकांचा नकाशा काढला आणि ज्या बाकाला प्रश्न गेला तिथे एक रेघ मारत गेले. तास संपला तेव्हा रेघांची झुंबड पहिल्या दोन बाकांवर होती. खिडकीकडची मुलींची रांग कोरी होती. छात्राध्यापिकेला नकाशा दाखवला तर ती बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "मॅडम, या मुलींची नावंच मला माहीत नाहीत." पंचवीस पाठांत तिला हे कुणी विचारलं नव्हतं. मीही नाही.

पुढच्या वर्षी आम्ही नमुन्यात तीन ओळी वाढवल्या. प्रश्न कुणाकुणाला गेले? न बोललेल्या मुलांसाठी काय केलं? पाठातलं एक तरी उदाहरण या गावातलं होतं का? गुण कमीच ठेवले, पण शेरा सक्तीचा केला. पाठ टाचणात (पाठाच्या लेखी आराखड्यात) 'पूर्वज्ञान' नावाचा रकाना असतो, तिथे 'विद्यार्थ्यांना वनस्पतींची माहिती आहे' असं ठोकळेबाज लिहायची पद्धत आहे. तिथे 'कोणत्या विद्यार्थ्यांना, आणि ते तुम्हाला कसं कळलं' हे लिहायला लावलं. पहिले दोन महिने सगळ्यांनी एकमेकांचं उतरवून काढलं. मग काहींनी लिहायला सुरुवात केली.

पूर्ण प्रक्रियेतला एकच बदल करायची मुभा असेल, तर मी हाच करीन. तक्ते नंतर.

अंतर्गत गुणांचं काय? सगळ्यांना जवळपास सारखेच पडतात.

पडतात खरे, आणि का पडतात ते आपल्यापैकी प्रत्येकाला माहीत आहे. गुणांची रक्कम विद्यापीठाची, निकष आपले. प्रात्यक्षिकाला १० गुण असतील तर त्यातले ३ कशाचे हे आधीच लिहून द्या: स्थानिक संदर्भ, मुलांशी प्रत्यक्ष काम, स्वतःच्या चुकीची नोंद. बांधणी, मुखपृष्ठ आणि रंगीत पेनांना शून्य. सुंदर फाइलला गुण देण्याची सवय मोडली की फाइली बारीक होतात, ग्रंथपालांनाही बरं वाटतं.

नॅकला नेमकं काय दाखवावं लागतं?

शिक्षणशास्त्र महाविद्यालयांसाठी नॅकची स्वतंत्र पुस्तिका आहे आणि त्यात सात निकष आहेत. पहिल्याच निकषात, अभ्यासक्रमाच्या बाजूंत, विचारलं जातं की संस्था स्वतःच्या पातळीवर अभ्यासक्रमाचं नियोजन, फेरविचार आणि स्थानिक संदर्भाशी जुळवणी नियमित करते का. कार्यक्रमाच्या आणि कोर्सच्या निष्पत्ती विद्यार्थी आणि शिक्षक दोघांपर्यंत संकेतस्थळ, माहितीपत्रक, उद्बोधन वर्ग यांतून पोहोचवल्या का, हेही. दुसऱ्या निकषात त्या निष्पत्ती साध्य झाल्या का, आणि सहाव्यात नेतृत्वाचा दृष्टी-ध्येयाशी मेळ. मूल्यमापनाची पद्धत अधूनमधून बदलते, तेव्हा चालू पुस्तिका उघडूनच काम करावं.

कागद म्हणाल तर बैठकांची इतिवृत्तं, बदललेला निरीक्षण नमुना जुन्या नमुन्यासह, शाळांची यादी आणि ती तशी का निवडली याचं अर्धं पान, विद्यार्थ्यांच्या निवडक नोंदी. 'जुन्या नमुन्यासह' हे महत्त्वाचं. आधी काय होतं हे नसेल तर बदल दिसत नाही. बैठक झाली त्याच आठवड्यात इतिवृत्त लिहा. पाच वर्षांची इतिवृत्तं एकाच शाईने आणि एकाच हस्ताक्षरात लिहिलेली समितीला ओळखू येतात.

विद्यार्थी सीईटीतून कुठूनही येतात. त्यांना नोकरी हवी, आमच्या ध्येयाशी त्यांना काय देणंघेणं?

रास्त आहे. प्रवेश राज्याच्या सीईटी आणि केंद्रीय प्रक्रियेतून होतात. विद्यार्थी कॉलेजचं ध्येय वाचून पसंतीक्रम भरत नाही. अंतर, फी आणि वसतिगृह बघून भरतो. पुढे त्याच्यासमोर टीईटी (शिक्षक पात्रता परीक्षा) आहे, २०० गुणांची अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणी आहे, शिक्षकभरतीचं पवित्र पोर्टल आहे. त्या चाचणीत तुमचं ध्येय विचारत नाहीत.

पण हे दोन्ही एकमेकांच्या आड येतात असं मानू नका. चाचणीची तयारी करून घ्या, ग्रंथालयात पुस्तकं ठेवा, शनिवारी सराव घ्या. ध्येयाचं काम त्या वेळेतून काढायचंच नाही, ते आहे त्या प्रात्यक्षिकांत आणि पाठांत घुसवायचं आहे. आणि सुरुवातीच्या उद्बोधन वर्गात ध्येय वाचून दाखवण्याऐवजी एक माजी विद्यार्थी बोलवा, शक्यतो आश्रमशाळेत नोकरी करणारा. तो पगारापासून साप-विंचवापर्यंत सगळं सांगतो आणि मुलं ऐकतात.

मंजूर पदं भरलेलीच नाहीत. तासिका तत्त्वावरच्या माणसांकडून हे कसं करून घ्यायचं?

दोन युनिटच्या कॉलेजला नियमाप्रमाणे प्राचार्य धरून १६ जण हवेत. प्रत्यक्षात किती असतात हे विचारू नका. तासिका तत्त्वावर येणाऱ्या, दोन कॉलेजांत पळणाऱ्या माणसाला बैठकीला थांबवणं अन्यायाचं आहे. त्यांना बैठक नको, बदललेला निरीक्षण नमुना हातात द्या. तो भरताना जे व्हायचं ते होतं. बैठकीचा मोबदला देता आला तर उत्तमच, पण तो संस्थाचालकांचा विषय.

नवं शैक्षणिक धोरण, चार वर्षांचा एकात्मिक कोर्स, सगळंच बदलणार असेल तर आता ही मेहनत कशाला?

२०२० च्या धोरणात २०३० पर्यंत चार वर्षांची एकात्मिक बी.एड. ही शिक्षकाची किमान पात्रता करायची आहे आणि एकट्या-दुकट्या अध्यापक महाविद्यालयांनी बहुविद्याशाखीय व्हायचं आहे. म्हणजे काही कॉलेजं दुसऱ्यात मिसळतील. कला-विज्ञान कॉलेजच्या पंखाखाली जाताना तुमच्याकडे 'आम्ही कोण' याचं उत्तर हवं, नाहीतर बी.एड. विभाग म्हणजे इमारतीतला तिसरा मजला एवढंच उरेल.

बाहेरचे निर्णय ध्येयावर कसे आदळतात, त्याचं ताजं उदाहरण आहे. २०१८ मध्ये एनसीटीईने बी.एड.धारकांना पहिली ते पाचवीसाठी पात्र ठरवलं आणि काही कॉलेजांनी माहितीपत्रकात प्राथमिक शिक्षकही घडवू असं घातलं. ११ ऑगस्ट २०२३ ला सर्वोच्च न्यायालयाने ती पात्रता नाकारली. ज्यांनी ध्येयच त्या जाहिरातीवर रचलं होतं त्यांना ते पुसावं लागलं. ज्यांनी सहावीपासून पुढच्या मुलाला समोर ठेवलं होतं त्यांचं काही बिघडलं नाही.

आणि महाराष्ट्रापुरता एक संदर्भ. शिक्षक-शिक्षणाची झाडाझडती घेणारा न्यायमूर्ती वर्मा आयोग २०१२ मध्ये अहवाल घेऊन आला, त्याचं मूळ आपल्याच राज्यातल्या डी.एड. कॉलेजांच्या मान्यतेच्या खटल्यात होतं. आपल्याकडे ध्येयाविना कॉलेजं किती निघाली होती, ते तेव्हा साऱ्या देशाने पाहिलं.

प्राचार्य बदलले की सगळं पुन्हा पहिल्यापासून. यावर उपाय?

नमुने बदला, भाषणं नको. छापलेला निरीक्षण नमुना नवे प्राचार्यही वापरतात.

किती वर्षं लागतात?

एक पूर्ण तुकडी, म्हणजे दोन वर्षं, तर लागतातच. पहिल्या वर्षी ध्येयातले शब्द उकलणं आणि निरीक्षण नमुना. दुसऱ्या वर्षी तीन शाळा आणि प्रात्यक्षिकांचे निकष. तक्ता तिसऱ्या वर्षी भरला तरी चालतो, तोवर त्यात लिहिण्यासारखं काही तयार झालेलं असतं.

जुळलं की नाही, हे कळणार कसं?

निकालावरून नाही, बी.एड.चा निकाल बहुतेक ठिकाणी चांगलाच लागतो. तीन जागी बघा. विद्यार्थ्यांच्या चिंतनवहीत मुलांची नावं येतात का, की 'विद्यार्थ्यांनी उत्स्फूर्त प्रतिसाद दिला' एवढंच असतं? माजी विद्यार्थ्याच्या वर्गात नोकरीच्या तिसऱ्या वर्षी जाऊन बसलं तर मागच्या बाकांवर काय चाललेलं असतं? आणि आंतरवासितेच्या शाळांचे मुख्याध्यापक काय म्हणतात?

यातलं तिसरं अनपेक्षित रूपात येतं. एका वर्षी एका शाळेच्या मुख्याध्यापकांचा तक्रारीचा फोन आला. तुमचे विद्यार्थी हजेरीपट मागतात, दिवाळीनंतर न आलेल्या मुलांची नावं लिहून घेतात, आमच्या शिक्षकांना ते आवडत नाही, त्यांना वाटतं कुणी तपासणीला आलंय. आम्ही माफी मागितली. पुढच्या वर्षी त्यांच्याशी बोलणी करताना हजेरीपट बघण्याचा मुद्दा पहिल्याच भेटीत, चहा यायच्या आधी, मिटवून घेतला.